धातुपृष्ठावरील रेण्वीय पुंजांचे चुंबकत्व

काही रेण्वीय पुंज (अनेक धातू-आयन एकत्र बांधलेले मोठे रेणू) अतिशीत तापमानाला एकेकटे चुंबकासारखे वागतात. असे पुंज सोने, तांबे किंवा चांदीच्या स्वच्छ पृष्ठावर बसवल्यावर त्यांच्या चुंबकत्वात होणारे बदल हा या नोंदीचा विषय.

जुने आणि सर्वांत अभ्यासलेले उदाहरण मँगॅनीज-१२ ॲसिटेट. १९८० मध्ये रसायनशास्त्रज्ञ लिस यांनी हा पुंज तयार केला. त्यातील ८ मँगॅनीज (+३) आणि ४ मँगॅनीज (+४) आयनांचे स्पिन (इलेक्ट्रॉनांच्या सूक्ष्म चुंबकत्वाचे माप) परस्परविरुद्ध असल्याने एकूण स्पिन (८ × २) − (४ × १.५) = १६ − ६ = १० येतो. स्पिन उलटायला सुमारे ६५ केल्व्हिनचा (तापमानाच्या एककात) ऊर्जा-अडसर ओलांडावा लागतो, म्हणून ४ केल्व्हिनखाली हिस्टेरेसिस (बाहेरचे चुंबकीय क्षेत्र काढल्यावरही चुंबकत्व टिकून राहणे) दिसते.

नागपूरजवळ मनसर, कांद्री, गुमगाव येथे मँगॅनीजचे धातुक निघते, पण संश्लेषणाला शुद्ध ॲसिटेटच हवे. ४ ग्रॅम मँगॅनीज ॲसिटेट (टेट्राहायड्रेट) ६०% ॲसिटिक आम्लाच्या ४० मिली द्रावणात विरघळवून त्यात १ ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट ढवळत थोडे थोडे घालतात. मग द्रावण न हलवता ठेवले की काळे स्फटिक पडतात. नागपूरच्या मे महिन्यात भांडे उघडे राहिले तर द्रावण झपाट्याने आटते आणि स्फटिक बारीक येतात.

खरी अडचण पुढे आहे. हा पुंज तापवला की विघटित होतो, त्यामुळे निर्वातात संप्लवनाने (घनाची थेट वाफ करून) बसवता येत नाही. गंधकयुक्त लिगँड (धातूला जोडलेला रेणू-गट) जोडून द्रावणातून सोन्यावर चिकटवला, तर मँगॅनीजचे +२ पर्यंत क्षपण (इलेक्ट्रॉन मिळून प्रभार घटणे) होते आणि हिस्टेरेसिस नाहीसे होते. सूक्ष्मदर्शकात रेणू जागेवर दिसतात, एवढ्यावर विसंबू नये. एका थरात दर चौ. सेंमी.ला रेणू १०¹³ च्या घरात, म्हणजे नेहमीच्या चुंबकत्वमापकाला फारच थोडे. म्हणून डाव्या-उजव्या वर्तुळ-ध्रुवीकृत क्ष-किरणांच्या शोषणातला फरक मोजतात. मँगॅनीजसाठी शोषणाच्या आलेखात ६४० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास +२ ची शिखरे वाढलेली दिसली की नमुना बिघडला समजावे. मात्र किरणझोत तीव्र असेल तर तोच क्षपण घडवतो, तेव्हा झोत मंद ठेवून पुनःपुन्हा जागा बदलून मोजणे भाग आहे.

लोह-४ पुंज अधिक चिवट. चारही आयन +३ अवस्थेत (प्रत्येकी स्पिन २.५), मधला बाकीच्या तिघांच्या विरुद्ध, म्हणून स्पिन ५. २००९ मध्ये सोन्यावरच्या त्याच्या एकाच थरात १ केल्व्हिनखाली हिस्टेरेसिस आढळले. टर्बियम-थॅलोसायनिनच्या दुहेरी चकतीत (दोन चपट्या सेंद्रिय रेणूंमध्ये एक टर्बियम आयन) मात्र धातूशी थेट संपर्क आल्यास हिस्टेरेसिसची लूप (आलेखातील बंद वक्र) आक्रसते. चांदी आणि रेणू यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडचा पातळ थर घातल्यावर धातूतील इलेक्ट्रॉनांचा उपद्रव कमी होऊन ती रुंदावते, असे २०१६ मध्ये दिसून आले.