पेल्याच्या बुडाशी अडकलेलं पाणी

वापरून टाकायच्या प्लॅस्टिकच्या पेल्यात बी रुजवायचं आणि रोप जरा सावरलं की मोठ्या कुंडीत हलवायचं, ही पद्धत आता सगळीकडे रुळली आहे. टोमॅटो, मिरची, झेंडू तर आहेतच. जिथे कायद्याची परवानगी आहे तिथे गांजाची लागवड करणारेही कोवळी रोपं अशाच पेल्यांत वाढवतात. रोप कुठलंही असो, एक सल्ला हमखास मिळतो: "बुडाशी बोटभर खडे घाला, निचरा चांगला होतो." ऐकायला पटतं. खड्यांमधल्या फटी मोठ्या, मोठ्या फटींतून पाणी भराभर वाहतं, म्हणजे वरची माती लवकर मोकळी होणार. प्रत्यक्षात उलटं होतं. ते का, हे कळायला शाळेत शिकलेलं केशाकर्षण पुरेसं आहे.

आधी एक प्रयोग. भांडी घासायचा आयताकृती स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि दोन्ही हातांनी आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता तो न पिळता उभा करा. पुन्हा धार लागते! स्पंज तोच, छिद्रं तीच, पाणीही तेच. बदलली ती फक्त उंची. पुन्हा गळणं थांबलं की वरचा भाग बोटाने दाबून बघा, मग खालचा. खालचा भाग अजून गच्च भिजलेला असतो. पेल्यातल्या मातीचंही हेच होतं.

मातीच्या कणांमधल्या फटी म्हणजे बारीक, वेड्यावाकड्या नळ्याच. पाणी कणांना चिकटतं आणि पृष्ठताणामुळे या फटींमध्ये धरून ठेवलं जातं. जेम्स ज्यूरिन या इंग्रज वैद्याने १७१८ च्या सुमारास दाखवून दिलं की नळी जितकी बारीक, तितका पाण्याचा स्तंभ उंच चढतो. पाण्यापुरता हिशेब सोपा आहे: १५ ला नळीच्या मिलिमीटरमधल्या त्रिज्येने भागलं की स्तंभाची उंची मिलिमीटरमध्ये मिळते. अर्ध्या मिलिमीटर त्रिज्येची फट साधारण ३ सेंटिमीटर उंच स्तंभ पेलते. ०.१५ मिलिमीटरची फट १० सेंटिमीटर.

आता हाच हिशेब उलट्या बाजूने वाचा, खरी गंमत तिथे आहे. पेल्याला तळाशी भोक आहे आणि पाणी गळून थांबलं आहे. भोकापासून ३ सेंटिमीटर उंचीवरच्या फटीतलं पाणी त्याच्या खालच्या ३ सेंटिमीटर पाण्याच्या वजनाने खाली ओढलं जातं. हा ओढा अर्ध्या मिलिमीटरहून मोठ्या फटींना सोसवत नाही. त्या रिकाम्या होतात आणि त्यांत हवा शिरते. १० सेंटिमीटर उंचीवर ओढा जास्त, म्हणून तिथे ०.१५ मिलिमीटरपर्यंतच्या फटीही रिकाम्या होतात. आणि अगदी तळाशी? तिथे खाली लोंबकळणारा स्तंभच नाही. ओढा शून्य. त्यामुळे लहानमोठ्या सगळ्या फटी भरलेल्याच राहतात, भोक एक असो की दहा. भोकं जास्त पाडल्याने जादा पाणी लवकर बाहेर पडतं इतकंच. शेवटी किती पाणी अडकून राहणार हे फटींचा आकार ठरवतो. म्हणजेच गच्च ओल्या थराची जाडी पेल्याच्या उंचीवर अवलंबून नाही, मातीच्या मिश्रणावर आहे. बारीक चाळलेल्या मातीत हा थर जाड होतो, परलाईट (फुलवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) किंवा भरड कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) मिसळलं की पातळ. उथळ पेल्यात तोच थर अर्ध्याहून अधिक जागा व्यापू शकतो, उंच पेल्यात तोच परवडतो.

खड्यांचं काय होतं तेही याच हिशेबात बसतं. वरच्या बारीक फटींनी धरलेलं पाणी खालच्या मोठ्या फटीत उतरायला तयार नसतं, कारण मोठी फट त्याला ओढतच नाही. माती आणि खडे जिथे भेटतात तिथली माती पूर्ण भरेपर्यंत पाणी खड्यांत टपकत नाही. थोडक्यात, खड्यांचा वरचा पृष्ठभाग हाच मातीचा नवा तळ होतो आणि ओला थर तितकाच वर सरकतो.

आकडे घालून बघू. पेला १२ सेंटिमीटर उंच, तोंडाशी ९ आणि बुडाशी ६ सेंटिमीटर व्यासाचा. मिश्रण असं की ओला थर ४ सेंटिमीटरचा. काठोकाठ भरला तर मिश्रण साधारण ५४० मिलिलिटर मावतं आणि त्यातलं १३० च्या आसपास गच्च ओलं राहतं, म्हणजे चौथा हिस्सा. उंचीने तो थर तिसरा हिस्सा असला तरी पेला खाली निमुळता असल्यामुळे आकारमान कमी भरतं. पेल्याचा हा आकार एकात एक रचता यावा म्हणून ठरलेला आहे, पण रोपाला तो फुकटात फळतो. आता बुडाशी ३ सेंटिमीटर खडे घाला. मिश्रणाला उरले सुमारे ४४० मिलिलिटर, आणि ओला थर रुंद भागात सरकल्यामुळे तो झाला १६५. चौथ्या हिश्शाचं प्रमाण ३७ टक्क्यांवर गेलं. निचऱ्यासाठी घातलेल्या खड्यांनी हे करून दाखवलं.

(ओल्या थराची कड सुरीने कापल्यासारखी नसते, ओलावा वर हळूहळू कमी होत जातो. हिशेबापुरती ती सरळ धरली आहे.)

ओल्या थराचं एवढं भय कशासाठी? मुळं श्वास घेतात म्हणून. २० अंश सेल्सिअस तापमानाला लिटरभर हवेत साधारण २८० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, लिटरभर पाण्यात फार तर ९. शिवाय पाण्यातून ऑक्सिजन पसरण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट कमी. जवळचा साठा मुळांनी आणि जिवाणूंनी संपवला की नवा येता येत नाही. मग मुळांच्या पेशी विनाऑक्सिजन श्वसनावर येतात, ऊर्जा अगदी थोडी मिळते आणि पेशीद्रव्य आम्लधर्मी होऊ लागतं. मुळांत पाणी आत घेणारी अ‍ॅक्वापोरिन नावाची प्रथिनं असतात. आम्लता वाढली की त्यांतल्या हिस्टिडिन या एका अमिनो आम्लावर प्रोटॉन बसतो आणि पाण्याची वाट बंद होते. हा उलगडा २००३ साली झाला. म्हणून पाण्यात उभं असलेलं रोप तहानेल्यासारखं मान टाकतं, आणि बघणारा कळवळून आणखी एक तांब्या ओततो.

याच ओलीत पिथियम या रोगजंतूचं फावतं. तो बुरशीसारखा दिसतो, पण खऱ्या बुरश्यांपेक्षा समुद्री शेवाळांच्या जवळच्या कुळातला. त्याचे बीजाणू शेपट्यांनी पोहतात, आणि पोहायला फटींत पाणी लागतं. काल ताठ असलेलं रोप आज मातीलगत काळं पडून आडवं झालं, तर संशयितांत तो पहिला.

इथे तांब्याच्या तारेविषयी बोलायलाच हवं. पेल्यात तांब्याची वेटोळी तार खुपसली की रोप आकाशातली ऊर्जा खेचून घेतं, असे व्हिडिओ सध्या जोरात आहेत. त्या तारेला विजेचा स्रोत जोडलेला नसतो, तुलनेसाठी बाजूला तार नसलेला पेला ठेवलेला नसतो, आणि रोप वाढलं की श्रेय तारेला. बी पेरायला अमुकच तिथी धरणं यापेक्षा हे फार वेगळं नाही. तार खुपसताना घट्ट माती थोडी मोकळी होत असेल, तर तेवढा फायदा काडीनेही होतो.

पेला पारदर्शक असेल तर मुळं दिसतात, ही सोय खरी. पण मुळांच्या टोकांना निळा प्रकाश जाणवतो आणि ती त्यापासून दूर वळतात. शिवाय प्रकाश, ओल आणि खत एकत्र आलं की आतल्या भिंतीवर हिरवं शेवाळ धरतं. त्यावर उपाय म्हणजे पारदर्शक पेला दुसऱ्या रंगीत पेल्यात बसवणं आणि मुळं बघायची तेव्हाच उचलणं. मात्र बाहेरच्या पेल्यालाही भोक हवं, नाहीतर सगळा निचरा तिथेच साचेल.

मग पहिल्यापासून मोठीच कुंडी का नको? कुंडीचा आकार महत्त्वाचा आहेच. २०१२ साली ६५ अभ्यासांचे आकडे एकत्र केले, तेव्हा कुंडीचं आकारमान दुप्पट केल्यावर वनस्पतीचं वजन सरासरी ४३ टक्क्यांनी वाढतं असं दिसलं. पण दोन पानांचं रोप पाणी पितं किती? मोठ्या कुंडीतली भिजलेली माती त्याच्याच्याने आठवडाभर सुकत नाही. पेल्यातलं पाणी लवकर संपतं, हवा लवकर परत येते. रोपाला पाणी हवं की नको हे पेला उचलून वजनावरून कळतं, तेही मोठ्या कुंडीत जमत नाही.

मुळं भिंतीला टेकून गोल फिरू लागली की रोप हलवायची वेळ आली. बियापासून वाढलेल्या रोपाचं सोटमूळ तळाशी पोचून वळतं आणि मग बाजूची मुळंही त्याच वाटेने जातात. उशीर केला तर ते वेटोळं मोठ्या कुंडीतही सुटत नाही. पेल्याच्या बाजू हलकेच दाबल्या की मातीचा गोळा अखंड सुटतो. पॉलिस्टायरिनचा कडक पेला मात्र तडकतो, तो कात्रीने उभा कापलेला बरा.

हा गोळा कुंडीत बसवला की त्याच्या तळाशी अडकलेलं पाणी आपोआप खाली उतरतं, कारण आता खाली मातीचा सलग स्तंभ मिळालेला असतो. अट एकच: कुंडीतलं मिश्रण पेल्यातल्यापेक्षा भरड नको. भरड असेल तर गोळ्याचा तळ पुन्हा तसाच ओला राहतो, त्या खड्यांवरच्या मातीसारखा. म्हणून पेला भरतानाच कुंडीपुरतं तेच मिश्रण बाजूला काढून ठेवावं.