कवटीचं हाड परत बसवल्यावर

डोक्याला जबर मार बसला किंवा मोठा पक्षाघात झाला, तर मेंदू सुजतो. कवटी मात्र ताणली जात नाही, त्यामुळे आतला दाब वाढत जातो. अशा वेळी न्यूरोसर्जन कवटीचा मोठा तुकडा काढून मेंदूला फुगायला जागा करून देतात. काढलेलं हाड अतिथंड फ्रीझरमध्ये ठेवतात, नाहीतर रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली! सूज ओसरली की, बहुधा ३ ते ६ महिन्यांनी, ते परत बसवतात. ही क्रेनिओप्लास्टी.

मूळ हाडाचा चुरा झाला असेल किंवा त्याला जंतुसंसर्ग झाला असेल, तर सीटी स्कॅनवरून त्या जागेच्या मापाची प्लेट तयार करतात; टायटॅनियमची किंवा ‘पीक’ नावाच्या कणखर प्लास्टिकची. १६६८ मधल्या एका डच नोंदीत तर रशियन सरदाराच्या कवटीत कुत्र्याचं हाड बसवल्याची हकिगत आहे. चर्चने बहिष्कार टाकल्यावर त्याला ते काढून हवं होतं, पण तोवर ते पक्कं जुळून आलं होतं म्हणे.

हे ऑपरेशन फक्त दिसण्यासाठी, असा समज बऱ्याच जणांचा असतो. तो चुकीचा आहे. हाड नसलेल्या जागी बाहेरच्या हवेचा दाब कातडीतून थेट मेंदूवर पडतो, तिथला रक्तप्रवाह आणि मेंदूभोवतीच्या पाण्यासारख्या द्रवाचं अभिसरण बिघडतं. उभं राहिल्यावर डोकं दुखणं, चक्कर, कधी हातापायातली शक्ती कमी होणं, हे त्यातूनच होतं. हाड बसल्यावर काही रुग्णांचं बोलणं-चालणं लक्षात येण्याइतकं सुधारतं. मूळ इजेने झालेलं नुकसान मात्र त्याने भरून येत नाही, हे घरच्यांना आधीच सांगायला हवं.

ऑपरेशननंतर पहिला दिवस बहुधा अतिदक्षता विभागात जातो. साचणारं रक्त वाहून जावं म्हणून लावलेली नळी एक-दोन दिवसांत काढतात. त्या बाजूचा डोळा सुजून मिटला तर नातेवाईक हबकतात, पण ही सूज काही दिवसांत उतरते. जबड्याचं दुखणं मात्र कुणाच्या ध्यानीमनी नसतं: चावण्याचा एक स्नायू कानशिलावर असतो आणि ऑपरेशनमध्ये तो बाजूला सारावा लागतो, म्हणून काही आठवडे तोंड पुरतं उघडत नाही. व्रणाभोवतीची बधिरता महिनोन्‌महिने टिकते.

ताप, जखमेतून पू किंवा पाणी, फिट, वाढती गुंगी, यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय गाठावं. परत बसवलेलं स्वतःचं हाड, विशेषतः लहान मुलांत, हळूहळू विरघळूही शकतं. म्हणून बरं वाटत असलं तरी तपासणीच्या तारखा चुकवू नयेत.