पक्षांतरबंदी कायदा

निवडून आल्यानंतर पक्ष बदलणाऱ्या खासदार-आमदारांचे सदस्यत्व रद्द करणारी भारतीय राज्यघटनेतील तरतूद. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने ती दहाव्या अनुसूचीच्या रूपाने घटनेत आली. १९६७ मध्ये हरियाणातील आमदार गया लाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम गयाराम’ हा शब्द राजकारणात रुजला. या रोगावरचा हा उपाय.

सदस्य अपात्र ठरतो तो मुख्यतः दोन कारणांनी. पहिले, पक्षाचे सदस्यत्व ‘स्वेच्छेने’ सोडणे. त्यासाठी लेखी राजीनामाच लागतो असे नाही. गोव्यातील रवी नाईक प्रकरणात (१९९४) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सदस्याच्या वागण्यावरूनही तो निष्कर्ष काढता येतो. दुसरे, पक्षादेश (व्हिप) डावलून मतदान करणे किंवा मतदानाला गैरहजर राहणे. मात्र पूर्वपरवानगी घेतली असेल किंवा पक्षाने १५ दिवसांत माफ केले असेल, तर सदस्यत्व वाचते. अपक्ष म्हणून निवडून आलेल्याने कोणत्याही पक्षात प्रवेश केला तर तो अपात्र होतो. नामनिर्देशित सदस्याला पक्ष निवडायला सहा महिने मिळतात.

मूळ कायद्यात एक-तृतीयांश सदस्यांच्या ‘फुटी’ला संरक्षण होते. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ते काढले. राहिले फक्त विलीनीकरण. विधिमंडळ पक्षाच्या, म्हणजे सभागृहातील त्या पक्षाच्या सदस्यांच्या गटातील, दोन-तृतीयांश सदस्यांनी मान्यता दिली, की विलीनीकरण झाले असे मानले जाते. गोव्यात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले, सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८. दोन्ही वेळा संख्या नेमकी हवी तेवढीच: १५ चे दोन-तृतीयांश १०, तर ११ चे ७.३३, म्हणजे आठ. ज्या पक्षाच्या चिन्हावर मते मागितली, तो पक्ष कोठेही विलीन झाला नव्हता. तरीही २०१९ च्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने आमदारांना अपात्र न ठरवण्याचा निर्णय कायम ठेवला. कायद्याचे हे सर्वांत मोठे भगदाड आहे.

अपात्रतेचा निर्णय सभापती किंवा अध्यक्ष देतात. किहोटो होलोहान प्रकरणाच्या निकालानंतर (१९९२) त्याला न्यायालयात आव्हान देता येते. पण निर्णय किती दिवसांत द्यायचा, हे अनुसूचीत लिहिलेलेच नाही. एरवी तीन महिन्यांत निकाल द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने मणिपूरच्या प्रकरणात २०२० मध्ये म्हटले. महाराष्ट्रात शिवसेना जून २०२२ मध्ये ठाकरे आणि शिंदे अशा दोन गटांत फुटली आणि अध्यक्षांचा निकाल आला १० जानेवारी २०२४ रोजी. कोणत्याच गटाचा आमदार अपात्र ठरला नाही. तोवर विधानसभेची मुदत संपायला वर्षही उरले नव्हते. न्याय इतका लांबला, की मतदाराने दिलेल्या कौलाचे मोल उरत नाही.

याच वादातून एक मूलभूत प्रश्न पुढे आला: पक्ष म्हणजे कोण? ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की प्रतोद (सभागृहात व्हिप बजावणारा सदस्य) नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही. मग पक्षाचा अधिकृत नेता कोण, हे पक्षाच्या घटनेवरून ठरायला हवे. पण निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेना हे नाव व धनुष्यबाण हे चिन्ह शिंदे गटाला देताना आमदार-खासदारांची संख्याच निर्णायक मानली. ५५ पैकी ४० आमदार आणि लोकसभेतील १८ पैकी १३ खासदार त्या गटाकडे होते. पक्षाची २०१८ मधील सुधारित घटना आयोगाच्या नोंदीत नाही, या कारणाने अध्यक्षांनी १९९९ ची घटना ग्राह्य धरली. पक्षांतर्गत निवडणूक रीतसर घेणे, तिचे इतिवृत्त ठेवणे आणि घटनेतील प्रत्येक दुरुस्ती आयोगाकडे नोंदवणे ही कामे बहुतेक पक्ष कारकुनी समजून मागे टाकतात. फूट पडल्यावर हाती पुरावा म्हणून तेच कागद लागतात.

दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवले होते, की व्हिपमुळे होणारी अपात्रता विश्वास-अविश्वास ठराव, धनविधेयक आणि अभिभाषणावरील आभार प्रस्ताव एवढ्यापुरती ठेवावी आणि निर्णय अध्यक्षांऐवजी निवडणूक आयोगाच्या सल्ल्याने राष्ट्रपती वा राज्यपालांनी द्यावा. या दोन्ही सूचना अजून कायद्यात आलेल्या नाहीत.