सोप्यात बसलं की बरं का वाटतं

बेळगावच्या आजूबाजूला आता जी नवी घरं उठतायत ना, त्यांचा प्लॅन जवळपास सारखाच असतो. तीस बाय चाळीसची साईट, पुढं गाडीपुरतं पार्किंग, उंच कंपाउंड, लोखंडी गेट, आत हॉल, हॉलमध्ये टीव्हीची भिंत आणि वर पीओपी. घर चांगलंच असतं, आयुष्यभराचा पैसा त्यात घातलेला असतो. पण त्यात सोपा, म्हणजे घरापुढची ओसरी नसते, कट्टा नसतो, मागचं परडं तर साईटमध्ये बसतच नाही. आणि मग तीच माणसं रविवारी गाडी काढून जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्याला लागतात, नाहीतर गावाकडं जुन्या घरी जातात आणि सोप्यात भिंतीला टेकून बसली की म्हणतात, इथं कसं बरं वाटतंय बघ.

हे बरं वाटणं म्हणजे जुन्या दिवसांची आठवण, असं म्हणून आपण विषय सोडून देतो. मला ते पटत नाही. सोपा ही घराची अर्धी आतली आणि अर्धी बाहेरची जागा आहे, आणि माणसाचं शरीर शांत व्हायला ज्या गोष्टी लागतात त्यातल्या बऱ्याच तिथं एका ठिकाणी येतात, ह्यावर गेल्या पन्नासेक वर्षांत भरपूर संशोधन झालंय, फक्त ते आपल्या घरांना लावून कुणी सांगत नाही.

पाठीपासून सुरू करू. १९७५ साली जे ॲपलटन नावाच्या ब्रिटिश भूगोल अभ्यासकानं असा विचार मांडला की माणसाला अशी जागा आवडते जिथून लांबवर दिसतं पण आपण स्वतः चटकन दिसत नाही, म्हणजे समोर मोकळं आणि मागं आडोसा. शिकार करत आणि शिकार होण्यापासून वाचत आपण इथवर आलोय, त्यामुळं पाठीमागं उघडं असलं की मेंदूचा एक कोपरा जागाच राहतो. हॉटेलात शिरल्यावर लोक आधी कुठली टेबलं धरतात बघा, भिंतीकडची, तोंड दाराकडं होईल अशी. आता सोपा डोळ्यापुढं आणा. मागं दीड-दोन फुटांची जाड भिंत, वर उतरत्या कौलांची सावली, समोर अंगण, मग रस्ता आणि गाव लहान असेल तर त्यापलीकडं भाताचं शेत. उन्हातून जाणाऱ्याला सावलीतला माणूस लगेच दिसत नाही, बसलेल्याला मात्र सगळा रस्ता दिसतो. ॲपलटन सांगत होता ती जागा आपल्याकडच्या गवंड्यांनी गावोगाव बांधून ठेवलीय. नव्या हॉलमध्ये सोफ्याचं तोंड टीव्हीकडं असतं, आणि दार कित्येकदा पाठीमागं.

मग समोर काय दिसतं ते. ह्या विषयातला सगळ्यात प्रसिद्ध अभ्यास १९८४ सालचा, रॉजर उलरिच यांचा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं एक हॉस्पिटल, तिथं पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटांची १९७२ ते १९८१ मधली जुनी रेकॉर्डं त्यांनी काढली. खोल्या जवळपास सारख्या, नर्सा त्याच, फरक एवढाच की काही खिडक्यांतून झाडं दिसायची आणि काहींतून विटांची भिंत. वय, वजन, सिगारेटची सवय असलं सगळं जुळवून २३ जोड्या लावल्या. झाडं दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत. झाडवाल्यांनी दुखण्यावरची जोरकस औषधं कमी घेतली आणि नर्सांच्या वहीत 'पेशंट अस्वस्थ आहे', 'धीर द्यावा लागला' असल्या नोंदी त्यांच्याबद्दल कमी होत्या. अभ्यास लहान आहे, ४६च माणसं, त्यावर सगळं उभं करू नये हे खरंच. पण त्यानंतर त्याच दिशेनं जाणारी कामं खूप झाली आणि हॉस्पिटलं बांधताना खिडकी कुठं ठेवायची ह्याचा विचार जगभर सुरू झाला तो इथून.

झाड बघून नेमकं होतं काय? मिशिगन विद्यापीठातल्या रेचेल आणि स्टीफन कॅप्लन ह्या नवरा-बायकोनं आयुष्यभर ह्यावर काम केलं. त्यांचं म्हणणं असं की लक्ष दोन तऱ्हेचं असतं. एक आपण जोर लावून धरतो ते, हिशेब करताना, ट्रॅफिकमधून गाडी काढताना, ऑफिसच्या मेलला उत्तर देताना. हे लक्ष दमतं, आणि ते दमलं की माणूस चिडचिडा होतो, चुका करतो, समोरच्याचं ऐकून घेत नाही. दुसरं लक्ष आपोआप लागतं, वाऱ्यानं भाताची लोंबी हलताना, पागोळ्या पडताना, परड्यात कोंबड्या फिरताना बघत बसतो तेव्हा. तिथं जोर नसतो, म्हणून त्या वेळेत पहिलं लक्ष विश्रांती घेतं. मोबाईल पण आपोआपच लक्ष ओढतो की, असं कुणी म्हणेल, पण तो दुसरं काही सुचायला जागाच ठेवत नाही, शेताकडं बघताना मनाला हिंडायला जागा राहते. २००८ साली त्याच विद्यापीठात मार्क बर्मन आणि सहकाऱ्यांनी लोकांना तासभर चालायला पाठवलं, एकदा झाडांच्या बागेतून आणि एकदा गावातल्या रहदारीच्या रस्त्यानं, आणि परत आल्यावर आकडे उलटे म्हणून दाखवायची परीक्षा घेतली. बागेतून आल्यावर लोकांना ते जास्त जमलं. आणि मला ह्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कडाक्याच्या थंडीत, जेव्हा चालणं लोकांना मुळीच आवडलं नव्हतं, तेव्हासुद्धा फायदा झालाच. म्हणजे मजा वाटलीच पाहिजे असं नाही, शरीर आपलं काम करून घेतं.

पहिल्या पावसाच्या वासाचं पण थोडं सांगतो. तो वास मुख्यतः मातीतल्या जिवाणूंनी तयार केलेल्या जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा असतो, आणि माणसाचं नाक त्याच्याबाबतीत भलतंच तीक्ष्ण आहे, हवेच्या एक लाख कोटी भागांत चार-पाच भाग असले तरी कळतं. वासाचा रस्ता मेंदूत आठवण आणि भावना सांभाळणाऱ्या भागांना जवळपास थेट जाऊन मिळतो, म्हणून पुण्या-मुंबईत वळवाची पहिली सर आली की तिथं नोकरी करणाऱ्या खानापूरच्या पोराला एकदम घर आठवतं.

भिंतींचं मात्र नीट बोलायला पाहिजे कारण तिथं आपण पैसे घालून नुकसान करून घेतोय. आपला जिल्हा विचित्र आहे, पश्चिमेला खानापूरच्या घाटात धो-धो पाऊस आणि ईशान्येला अथणीकडं रखरखाट. दोन्हीकडच्या जुन्या भिंती जाड. घाटाकडं जांभ्या दगडाच्या, बाकी मातीच्या, पिंजर म्हणजे भाताचा पेंढा मिसळून तुडवलेल्या मातीच्या. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीनं तासता येतो, आणि हवेत राहिला की कडक होतो. असली जाड भिंत दिवसाचं ऊन लगेच आत येऊ देत नाही, उष्णता आतल्या बाजूला पोचायला कित्येक तास लागतात, तोवर बाहेर रात्र पडलेली असते. आणि आपल्याला गरम वाटतं ते फक्त हवेमुळं नाही, आजूबाजूच्या भिंती आणि छत किती तापलेत ह्यावर ते जवळपास तेवढंच अवलंबून असतं. म्हणून एप्रिल-मेमध्ये रात्री फॅन फुल असूनही स्लॅबखाली जीव घाबरतो, दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर ती उष्णता खाली सोडत असतो. कौलांच्या फटीतनं गरम हवा वर निघून जाते, स्लॅबला तशी वाट नाही. झोप नीट न झालेल्या माणसाला शांततेचे उपाय सांगून काय उपयोग?

झोपेचाच आणखी एक धागा सकाळच्या उजेडाचा. २००२ साली अमेरिकेत डेव्हिड बर्सन यांच्या टीमनं दाखवलं की डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्या चित्र बघण्याच्या कामाच्या नाहीत, त्या नुसता उजेड मोजतात आणि झोपेची वेळ ठरवणाऱ्या मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटच्या कित्येक पट असतो. सकाळी कट्ट्यावर चहाचा कप घेऊन बसणारी, तुळशीला पाणी घालायला अंगणात येणारी आजी हे घड्याळ रोज लावून घेत होती.

इथवर आपण एकट्या माणसाचं बोललो. पण जीव शांत करायची आपल्याकडची सगळ्यात जुनी सोय एकट्यानं करायची नाहीच. खानापूर आणि बेळगाव तालुक्यात असं मराठी गाव सापडणं कठीण की जिथं विठ्ठल मंदिर नाही, भजनी मंडळ नाही, ज्ञानेश्वरीचं पारायण बसत नाही. इटलीतल्या पाविया इथल्या लुचियानो बेर्नार्डी यांनी २००१ साली २३ निरोगी माणसांना जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि एक मंत्र म्हणायला लावून श्वास आणि हृदयाचे ठोके मोजले. दोन्हीत श्वास मिनिटाला साधारण सहावर आला, आणि त्या गतीला रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा जास्त चांगलं काम करते असं दिसलं. पुढं स्वीडनमध्ये २०१३ साली कोरसमध्ये गाणाऱ्या मुलांचे ठोके मोजले तर ते गाण्याच्या ओळींबरोबर एकत्र कमी-जास्त होताना दिसले, कारण ओळ सगळ्यांनी एकत्र संपवायची म्हणजे श्वास पण एकत्रच घ्यायचा. हरिपाठात दुसरं काय होतं? चाळीस माणसं टाळ वाजवत एकेक चरण ओढून म्हणतात, श्वास लांब सोडावाच लागतो, कुणी शिकवावं लागत नाही.

ह्याच्याही पुढचा एक अभ्यास स्पेनमधला, सान पेद्रो मानरीके नावाच्या छोट्या गावातला. तिथं जूनमध्ये लोक निखाऱ्यावरून चालतात. दिमित्रिस झिगालाटास आणि सहकाऱ्यांनी चालणाऱ्यांच्या आणि बघणाऱ्यांच्या छातीला ठोके मोजायचे पट्टे लावले. २०११ साली निकाल छापून आला. चालणाऱ्याचे ठोके आणि बघणाऱ्या नातेवाइकांचे, दोस्तांचे ठोके एकाच लयीत वर-खाली होत होते. बाहेरून नुसतं बघायला आलेल्यांचे तसे झाले नाहीत. शेजारी उभं राहून, तेच बघून, फरक पडला तो नात्यामुळं.

ज्यानं आपल्याकडची लक्ष्मी यात्रा बघितलीय त्याला हे वाचून आश्चर्य वाटणार नाही. कित्येक गावांत ही यात्रा दरवर्षी नसतेच, बारा बारा वर्षं, कुठं त्याहून जास्त वर्षं वाट बघावी लागते. मग यात्रा ठरली की अख्खं गाव वार पाळतं, घराघराला रंग लागतो, सुना-लेकी, माहेरवाशिणी लेकराबाळांसकट येतात, भंडाऱ्यानं रस्ते पिवळे होतात, आणि लाकडी रथ निघाला की दोर ओढणारे, कडेनं धावणारे, कौलावर चढून बघणारे सगळे एकाच धसक्यात. रथ वळणावर अडला की हजारो माणसांचा श्वास अडतो. त्या रथाच्या दोराला मराठी हात असतात तसे कानडी पण असतात, आणि देवीला गाऱ्हाणं घालताना कोण कुठल्या भाषेत बोलतोय हे कुणी विचारत नाही. १९५६ साली हा भाग मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला तेव्हापासून 'आपण कुठले' हा प्रश्न इथल्या मराठी माणसाच्या घरात बसलेलाच आहे, बोर्डावर, शाळेत, ऑफिसातल्या अर्जावर. मी त्यावर इथं भांडत नाही. एवढंच म्हणतो की गावच्या रथाचा दोर हातात असताना तो प्रश्न पडत नाही.

आणि हे नुसतं मनाचं समाधान नाही. ज्युलियन होल्ट-लन्स्टॅड यांनी २०१० साली १४८ अभ्यास, तीन लाखांवर माणसं, एकत्र करून पाहिलं. ज्यांची माणसांशी घट्ट नाती होती त्यांची अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त निघाली, परिणामाचा आकार सिगारेट सोडण्याच्या तोडीचा. पण अशी नाती काय यात्रेपुरती तयार होत नाहीत, ती रोज उठून रस्त्यानं जाताना "जेवलास काय? ये की, बस की जरा" असं म्हणण्यातनं होतात, आणि ते म्हणायला दारात बसलेला माणूस लागतो. डेन्मार्कचे वास्तुरचनाकार यान गेल यांनी अनेक वर्षं रस्त्यांवर उभं राहून हेच मोजलं, घराच्या पुढं बसायला थोडी जागा, पायरी, बुटकं कुंपण असलं की लोक रेंगाळतात आणि बोलतात, उंच सपाट भिंत असली की झपझप निघून जातात.

सगळ्यांना जाड भिंतींचं कौलारू घर परवडणार नाही हे मलाही कळतं, गळणारी कौलं, दरवर्षीची शाकारणी हे आलंच, आणि सारवणं तर बायकांच्याच अंगावर पडायचं तेही खरं. पण तीस-चाळीसच्या साईटमध्ये सुद्धा कंपाउंड छातीऐवजी गुडघ्याएवढं ठेवता येतं. दाराच्या एका बाजूला दीड फूट उंच आणि पाच-सहा फूट लांब कट्टा बांधता येतो, वर सावली येईल असा पत्र्याचा नाहीतर कौलांचा उतार काढून, शक्यतो पूर्वेला म्हणजे सकाळचा उजेड मिळेल. समोर एक झाड, कढीपत्त्याचं असलं तरी चालेल. स्लॅबवर पांढरा रंग मारला तरी रात्री फरक कळतो. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी जिन्याजवळ दोन बाकडी टाकून बघावीत. आणि इंग्लंडात सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवरून २०१९ साली असं दिसलं की आठवड्यात १२० मिनिटं झाडा-झुडपांत घालवणाऱ्यांची तब्येत आणि समाधान जास्त चांगलं होतं, ती एकदम घालवा नाहीतर तुकड्यातुकड्यानं, त्यामुळं बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीतला सकाळचा फेरा पण त्यात धरायला हरकत नाही. कट्ट्याचं मात्र गवंड्याला पाया भरतानाच सांगा, कारण पार्किंगची फरशी एकदा बसली की मग कुणीच ती उकरत नाही.