रिकाम्या रस्त्यांनी किती खाटा मोकळ्या केल्या?

मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात नागपूरचे वर्धा रोड, अमरावती रोड, कामठी रोड, सगळे ओस पडले. २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी लागली होती. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग आणि सुरतेकडून रायपूरकडे जाणारा ५३ क्रमांकाचा महामार्ग, दोन्ही नागपूरला भेटतात. अशा शहरातल्या कॅज्युअल्टीत अपघाताच्या केसेस कमी येणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता. त्यावरून एक सोपा हिशेब मांडला गेला: अपघात घटले की आयसीयूतल्या खाटा मोकळ्या होतील, त्या कोविडला देऊ. हिशेब अगदीच खोटा नव्हता. पण त्यात दोन-तीन आकडे धरायचे राहून गेले होते.

आधी रस्त्यांचंच बघू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालांनुसार २०१९ मध्ये देशात ४,४९,००२ अपघात झाले आणि १,५१,११३ माणसं गेली. २०२० मध्ये अपघात ३,६६,१३८ वर आले, मृत्यू १,३१,७१४. म्हणजे अपघात १८ टक्क्यांहून जास्त घटले, मृत्यू मात्र तेराएक टक्केच. दर १०० अपघातांमागे आधी ३३.७ माणसं मरत होती, ती ३६ झाली. अपघात कमी झाले, पण जे झाले ते जास्त जबर होते.

कारण रस्ता मोकळा दिसला की पाय ॲक्सिलरेटरवरच राहतो. एरवी ट्रॅफिकमुळे ताशी ५० ने जाणारी गाडी ७० ने जाऊ लागते. वेग दीडपटही झालेला नसतो, पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून धडकेतली ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. ती ऊर्जा कुठेतरी जिरावीच लागते. गाडीच्या पत्र्यात जिरली नाही तर ती मांडीच्या हाडात, पोटातल्या प्लीहेत, कवटीत जिरते. मोडलेलं मनगट घेऊन येणाऱ्याला प्लास्टर करून त्याच दिवशी घरी पाठवता येतं. फुटलेली प्लीहा आणि मेंदूत रक्तस्राव घेऊन येणाऱ्याला आयसीयू लागतो, तोही कित्येक दिवस. टाळेबंदीत रस्त्यावरून घटलेल्यांत पहिल्या प्रकारच्या केसेस जास्त असाव्यात, आणि त्यांनी आयसीयूची खाट कधी अडवलीच नव्हती.

आता खाटांकडे. नागपुरात मोठ्या अपघाताचा रुग्ण बहुतेक करून मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) जातो, नाहीतर मेयोला, म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच नव्हे, तर मध्य प्रदेशातल्या शिवनी, बालाघाट, छिंदवाड्याचे रुग्णही इथेच रेफर होतात. कोविड आला तेव्हा मेडिकलमधली ट्रॉमा केअर सेंटरची, म्हणजे अपघातग्रस्तांसाठीची, इमारतच कोविड रुग्णालयासाठी घेतली गेली. निर्णय समजण्यासारखा होता. ऑक्सिजनची पाइपलाइन, व्हेंटिलेटर, वेगळं प्रवेशद्वार, सगळं तयार मिळणारी दुसरी इमारत चार दिवसांत कुठून आणणार? पण अपघाताचे रुग्ण थांबले नव्हते, कमी झाले होते. त्यांना कॅम्पसमध्ये दुसरीकडे जागा शोधावी लागली.

आयसीयूची क्षमता खाटांच्या आकड्यात सांगायची आपल्याला सवय आहे, आणि गडबड तिथूनच सुरू होते. सावजी भोजनालयात दिवसभरात किती गिऱ्हाइकं जेवतील, हे टेबलं किती यावर जेवढं अवलंबून, तेवढंच एकेक गिऱ्हाईक किती वेळ बसतं यावरही. हेच गणित अमेरिकी प्राध्यापक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रीतसर सिद्ध केलं: आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा काळ. समजा आयसीयूत १० खाटा आहेत आणि डोक्याला मार लागलेला रुग्ण सरासरी ५ दिवस राहतो. तर महिन्याला ६० रुग्ण घेता येतात. त्याच खाटांवर व्हेंटिलेटरवरचा, १२ दिवस राहणारा कोविडचा रुग्ण आला, तर महिन्याला २५. खाट एकही कमी झालेली नाही, तरी क्षमता निम्म्याहून खाली आली.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्या काळात त्यावर फारसं कुणी बोललं नाही. कोविड आणि नॉन-कोविड असे वॉर्ड वेगळे केले, ते करणं भागच होतं. पण खाटांचे दोन गट पाडले की दोन्ही गटांची मिळून क्षमता आधीपेक्षा कमी होते, तेही एकही खाट न हलवता.

हे गणित शंभर वर्षांपूर्वीचं आहे, आणि ते दवाखान्यासाठी मांडलेलं नव्हतं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले गणिती ए. के. एरलांग यांना किती लाइन टाकल्या तर किती लोकांना एंगेज टोन ऐकावा लागेल हे काढायचं होतं. लाइन मिळाली नाही की माणूस फोन ठेवून देतो, असं त्यांनी धरलं. आयसीयूत खाट नसली की रुग्ण रेफर होतो, तसंच. एरलांग यांचं सूत्र वापरून बघा: २० खाटांचा एकच आयसीयू आहे आणि येणाऱ्या सगळ्या रुग्णांना सरासरी १६ खाटा लागतील एवढा ओघ आहे. तर साधारण १६ पैकी एकाला परत जावं लागतं. आता त्याच २० खाटांचे १०-१० चे दोन वॉर्ड करा, रुग्णही निम्मे-निम्मे वाटा. आता ८ पैकी एकाला खाट मिळत नाही. परत जाणारे जवळजवळ दुप्पट झाले. त्यातही गंमत अशी, की अशा वॉर्डात सरासरी तीन खाटा रिकाम्याच असतात. गंभीर रुग्ण वेळापत्रक बघून येत नाहीत. एका रात्री चार येतात, पुढचे दोन दिवस कुणी नाही. मोठ्या वॉर्डात असे चढउतार एकमेकांत मुरतात, छोट्या वॉर्डात मुरत नाहीत. म्हणून डॅशबोर्डवर खाटा शिल्लक दिसत असताना दारात नातेवाईक हात जोडून उभे, हे दृश्य दिसायला कुणी खोटं बोलायची गरज नसते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

प्रत्यक्षात याचा अर्थ काय होतो, ते एका काल्पनिक रुग्णावरून पाहू. साकोलीजवळ रात्री ट्रकची धडक बसलेला मोटरसायकलवाला. तिथून नागपूर शंभरेक किलोमीटर. पोहोचेपर्यंत तो अर्धवट शुद्धीत आहे, ओठ पांढरे पडलेत, नाडी भरभर चालली आहे, पोट टणक लागतंय. कॅज्युअल्टीतला डॉक्टर आधी श्वासनलिका मोकळी आहे का बघतो, मग श्वास, मग रक्तस्राव. हा क्रम ठरलेला आहे. दोन जाड सुया दोन हातांत, रक्ताचा नमुना रक्तपेढीकडे, ट्रानेक्झामिक ॲसिडचं इंजेक्शन. हे औषध रक्ताची गुठळी विरघळू देत नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रॅश-२ या, २० हजारांहून जास्त रुग्णांवरच्या चाचणीत दिसलं की ते मार लागल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तरच उपयोगी पडतं. तीन तासांनंतर दिलं तर उलट नुकसान होऊ शकतं. अंगातलं रक्त जात राहिलं की शरीर थंड पडतं, रक्त आम्लधर्मी होतं, आणि या दोन्हींमुळे ते आणखी गोठेनासं होतं. या चक्रात अडकलेल्या रुग्णाला पोट उघडून रक्तस्राव थांबवणं हाच उपाय.

साथीच्या काळात या सगळ्यात एक प्रश्न घुसला: याला कोविड आहे का? श्वासासाठी घशात नळी घालताना रुग्णाच्या घशातले तुषार थेट डॉक्टरच्या तोंडाशी येतात, म्हणून आधी पीपीई किट चढवा. झपाट्यानं करायचं म्हटलं तरी त्यात काही मिनिटं जातात. अँटिजेन निगेटिव्ह आली तरी भरवसा नाही, आरटीपीसीआरचा रिपोर्ट यायला कित्येक तास. तोवर हा रुग्ण कोविडच्या आयसीयूत न्यायचा की दुसऱ्या? पहिल्यात नेला आणि तो निगेटिव्ह निघाला तर त्याला संसर्ग, दुसऱ्यात नेला आणि पॉझिटिव्ह निघाला तर शेजारच्या खाटांना. म्हणून 'संशयितां'साठी तिसरा वॉर्ड. एरलांग यांच्या हिशेबात आणखी एक फाळणी.

त्यात रक्ताची टंचाई. रक्तदान शिबिरं होतात कॉलेजांत, कार्यालयांत, मंडळांत, आणि ती तर बंद होती. लाल पेशी फार तर सहा आठवडे टिकतात, प्लेटलेट्स पाचच दिवस. साठा करून ठेवला असता असं म्हणायची सोय नाही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये गोष्ट आणखी बिघडली. नागपूर जिल्ह्यात दिवसाला सात हजारांहून जास्त रुग्ण सापडत होते, विशाखापट्टणमहून रेल्वेनं ऑक्सिजनचे टँकर आणावे लागले. नाकावाटे जोरात ऑक्सिजन देणाऱ्या हाय फ्लो यंत्रावरचा एक रुग्ण मिनिटाला ६० लिटरपर्यंत ऑक्सिजन घेतो. सात हजार लिटरचं जम्बो सिलिंडर त्याला दोन तासही पुरत नाही. आणि या वेळचे निर्बंध २०२० इतके कडक नव्हते, रस्ते चालू होते. २०२१ या वर्षात देशातले रस्त्यांवरचे मृत्यू १,५३,९७२ झाले, म्हणजे साथीच्या आधीच्या वर्षापेक्षाही जास्त, आणि १०० अपघातांमागे मृत्यू ३७.३. पहिल्या टाळेबंदीनं अपघातांच्या बाजूनं दिलेली सवलत संपली होती, कोविडचं ओझं मात्र कित्येक पट झालं होतं.

व्हेंटिलेटर तोवर बरेच आले होते. ते चालवणाऱ्या सिस्टर आणि भूलतज्ज्ञ खरेदी करता येत नाहीत. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक सिस्टर असावी असा निकष आहे. त्यात पीपीईमध्ये सलग काम करण्याला मर्यादा, वर स्टाफच क्वारंटाइनमध्ये. आयसीयूची खरी क्षमता मोजायची तर ड्युटी रजिस्टर उघडावं, स्टोअरमधली यादी नव्हे.

निर्बंध उठल्यावर अस्थिरोग विभागांच्या ओपीडीत एक वेगळीच रांग लागली. टाळेबंदीत घरात, शेतात, अंगणात पडलेली माणसं. कुणाला गाडी मिळाली नव्हती, कुणी दवाखान्यात गेलं तर कोविड होईल म्हणून गेलंच नव्हतं, कुणी गावातल्या हाडवैद्याकडून बांबूच्या कामट्या बांधून घेतल्या होत्या. मोडलेलं हाड ताजं असताना बसवणं सोपं. तीन आठवडे उलटले की ते शिळं फ्रॅक्चर: टोकांवर नवं हाड वाकडं धरलेलं असतं, स्नायू आखडलेले असतात, आधी ते सोडवावं लागतं. ऑपरेशनला जास्त वेळ आणि जास्त रक्त लागतं. खुब्याच्या मानेशी मोडलेलं हाड तर रक्तपुरवठा तुटल्यानं आतून मरू लागतं. मग जे काम सुरुवातीला दोन-तीन स्क्रूंवर भागलं असतं, त्यासाठी अख्खा खुबा बदलावा लागतो, आणि त्या दिवशीच्या ऑपरेशनच्या यादीतला पुढचा रुग्ण उद्यावर जातो.