आरोग्य नोंदी, इलेक्ट्रॉनिक : प्राथमिक सेवेतील उपयोग (ब्रिटन)

रुग्णाचे निदान, औषधे व तपासण्यांचे निष्कर्ष संगणकावर संकेतांकांच्या रूपात साठवून, त्यांच्या आधारे कुटुंबवैद्यांकडील उपचारांची गुणवत्ता तपासण्याची व सुधारण्याची पद्धती. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत तिचा देशव्यापी वापर झाला.

या पद्धतीचा उगम काही अभ्यासक अमेरिकन वैद्य लॉरेन्स वीड यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या समस्याकेंद्री नोंदीत (रुग्णाच्या प्रत्येक समस्येनुसार नोंद लावण्याच्या रीतीत) शोधतात. तथापि वीड यांचा रोख एकेका रुग्णाची नोंद सुसंगत ठेवण्यावर होता. दवाखान्याच्या यादीवरील (त्या दवाखान्यात नाव नोंदवलेल्या) सर्व माणसांकडे, न आलेल्यांकडेही, एकत्रितपणे पाहण्याची दृष्टी वेल्समधील ग्लिनकॉरुग या खाणवस्तीचे डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांच्या कामात अधिक स्पष्ट दिसते. त्यांनी संपूर्ण वस्तीचा रक्तदाब मोजण्याचा उपक्रम कागदी नोंदींवरच चालवला व १९७० मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यामुळे संगणकाने ही कल्पना निर्माण केली असे म्हणण्यापेक्षा तिचे कष्ट हलके केले, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

संगणकीय नोंदींना तुलनाक्षम बनवले ते संकेतांकांनी. लफबरो येथील डॉक्टर जेम्स रीड यांनी साधारणपणे १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात अक्षरे व अंक यांची एक श्रेणीबद्ध संकेतावली रचली. आरंभी चार व पुढे पाच चिन्हांच्या या रचनेत प्रत्येक पुढचे चिन्ह अर्थ अधिक नेमका करते. उदाहरणार्थ, ‘सी१०’ म्हणजे मधुमेह आणि त्यापुढील चिन्हे त्याचे प्रकार व गुंतागुंती दर्शवतात. निदानाबरोबरच लक्षणे, मोजमापे व उपचार यांनाही संकेतांक असल्याने सल्लामसलत चालू असतानाच नोंद करणे शक्य झाले. मात्र डॉक्टरने तेच निदान मुक्त वाक्यात लिहिले, तर तो रुग्ण मोजणीतून निसटतो. या पद्धतीचे सर्व यशापयश या एका बाबीवर फार अवलंबून आहे. २०१८ पासून इंग्लंडच्या प्राथमिक सेवेत रीड संकेतांकांऐवजी स्नोमेड सीटी ही आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संज्ञावली वापरात आली.

एप्रिल २००४ मध्ये, उपचारांच्या गुणवत्तेनुसार कुटुंबवैद्यांना मोबदला देणारी ‘गुणवत्ता व निष्पत्ती चौकट’ ही योजना लागू झाली. तिच्यात १४६ निर्देशक (गुणवत्तेचे ठरावीक निकष) व त्यांच्या पूर्ततेसाठी १,०५० गुण होते आणि डॉक्टरांच्या उत्पन्नाचा सुमारे चौथा हिस्सा त्यांच्याशी निगडित होता. आकडेवारी थेट नोंदींतून काढली जाई. निर्देशक लागू करणे अयोग्य असलेल्या रुग्णांना सकारण वगळण्याची मुभा होती.

फलिताविषयी मतभेद आहेत. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार दमा व मधुमेह यांच्या उपचारांतील सुधारणेचा वेग आरंभी वाढला व नंतर मंदावला, तसेच ठरावीक डॉक्टरकडेच जाण्याचे सातत्य घटले. २०१६ मधील एका विश्लेषणात मृत्युदरात लक्षणीय घट आढळली नाही. त्याच वर्षी स्कॉटलंडने ही चौकट रद्द केली. नोंदींची पूर्णता आणि उपचारांची गुणवत्ता यांत भेद करणारे मत अधिक ग्राह्य वाटते. परंतु दीर्घ आजारांच्या रुग्णांची यादी ठेवणे आणि तपासणी राहून गेलेल्यांना पुन्हा बोलावणे ही या पद्धतीची मोलाची देणगी आहे व ती मोबदल्यावाचूनही टिकवता येते.

भारताच्या इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींच्या मानकांतही (२०१३, सुधारित २०१६) स्नोमेड सीटीचा स्वीकार आहे. येथे मात्र प्रत्येक नागरिक एका ठरावीक दवाखान्याच्या यादीवर नसतो. त्यामुळे ज्या लोकसंख्येशी तुलना करून टक्केवारी काढायची, ती आधी निश्चित करावी लागते.