युनियनमध्ये नाव घातले म्हणून नोकरी जाते का?

‘युनियनचे सभासद झालात, तर मालक कायद्यानेच तुम्हाला कामावरून काढू शकतो,’ असा समज कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहतींपासून साखर कारखान्यांच्या वसाहतींपर्यंत वर्षानुवर्षे फिरत आला आहे. नोकरीवरच घर चालत असताना ही भीती वाटणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु कायदा नेमके उलट सांगतो.

संघटना स्थापन करणे हा संविधानाच्या अनुच्छेद १९ ने नागरिकांना दिलेला मूलभूत हक्क आहे. त्याच धाग्यावर, सभासद होणाऱ्या कामगारावर दबाव आणणे किंवा त्या कारणावरून त्याला शिक्षा करणे, ही महाराष्ट्राने १९७१ सालीच कायदा करून ‘अनुचित कामगार प्रथा’ ठरवली असून तिच्याविरुद्ध न्यायालयात तक्रार करण्याची सोयही त्यात आहे. मात्र सभासदत्व म्हणजे अभयपत्र नव्हे. मारहाण, चोरी किंवा बेकायदा संप यांबद्दल कारवाई होऊ शकते. तिचे कारण गैरवर्तन असते, सभासदत्व नव्हे. बहुधा या दोन गोष्टींची गल्लत होऊनच हा समज पसरला असावा.

पडताळणी अवघड नाही. कारखान्याला स्थायी आदेश (कामाच्या अटी आणि शिस्त यांचे लेखी नियम) लागू असल्यास ते मागून वाचावेत आणि गैरवर्तनाच्या यादीत ‘युनियनचे सभासदत्व’ सापडते का, ते पाहावे. कोणी कामावरून काढल्याचे उदाहरण दिले, तर बडतर्फीच्या पत्रातील लेखी कारण विचारावे. तोंडी सांगितलेले आणि कागदावर लिहिलेले कारण पुष्कळदा वेगळे असते आणि दाद मागताना हा फरकच कामगाराच्या उपयोगी पडतो.